गाल, डावा, जवळून

काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी उमटायला हव्या होत्या, त्या उमटल्या नाहीत. वरची ओळ कामाची, खालची घरची. बाण वरखाली करून हवी ती ओळ निवडायची आणि मशीन त्या बाजूने सुरू व्हायचं, असा इतक्या वर्षांचा रिवाज होता. एकाच संगणकाच्या पोटात दोन बिऱ्हाडं होती. एकात त्याचे आवाज, दुसऱ्यात मुलीचा अभ्यास, तिची गाणी, घरातले जुने फोटो. दोन्ही बिऱ्हाडांना एकमेकांचं तोंड बघावं लागत नसे. दारात तो मेनू उभा असायचा आणि येणाऱ्याला विचारायचा, कुणाकडे जायचंय? आज दारात कुणीच नव्हतं. मशीनने काही न विचारता त्याला घरच्या बाजूत नेऊन सोडलं, आणि मुलीने लावलेलं जांभई देणाऱ्या मांजराचं चित्र पडदाभर पसरलं. त्याने मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मांजर. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. मांजर. त्या उघड्या जबड्यात मूठ घालून ती मागच्या बाजूने बाहेर काढावी असं त्याला वाटलं, आणि तसं केल्यावर कसा आवाज होईल हेही त्याच्या कानांनी लगेच ठरवून टाकलं: आधी काच, मग कलिंगड.

सिनेमातल्या मारामारीचे आवाज तयार करणं हा त्याचा धंदा होता. पडद्यावर नट एकमेकांच्या तोंडासमोरून हात फिरवतात, लागत कुणालाच नाही. लागतं ते ह्याच्या घरात, आतल्या खोलीत. स्टुडिओत सगळे त्याला गुद्देमास्तर म्हणत आणि तोही त्या नावाने हाक मारली की वळून बघे. ढोबळी मिरची पिरगळली की बोट मोडतं. कोबीच्या गड्ड्यावर मूठ हाणली की बरगडी. ओला टॉवेल लाकडी फळीवर आपटला की पाठ. कातडी हातमोजा पाण्यात भिजवून कच्च्या मांसाच्या तुकड्यावर हाणला की गाल. भिंतींना गाद्या लावलेल्या त्या खोलीत त्याच्या हातून माणसं भोसकली गेली, जिन्यावरून ढकलली गेली, नळीने झोडपली गेली, आणि काम संपलं की तो फरशीवरचा कोबीचा कचरा झाडून घ्यायचा आणि चहा ठेवायचा. प्रत्येक आवाजाला नाव दिलेलं असे आणि नावाचा नियम साधा होता: कशावर मारलं ते नावात कधीच लिहायचं नाही, कुठे लागल्यासारखं वाटतं तेवढंच लिहायचं. बरगडी, उजवी, कपड्यावरून. बोट, मधलं. गाल, डावा, जवळून. ते कुणाचं, हे नावात येत नसे. बायको सोडून गेली तेव्हा तिने भांडण असं काही केलं नव्हतं. ती नर्स होती, दिवसभर जखमा बघून घरी यायची. दारात बॅग ठेवून ती म्हणाली होती, "तू हात उचलत नाहीस, मला कबूल आहे. पण घरात सारखा कुणाला तरी मारल्याचा आवाज असतो, आणि कुणाला ते कळत नाही." तेव्हा त्याला हे बोलणं अन्यायाचं वाटलं होतं. रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा त्याने कधी खडा मारला नव्हता.

आज सकाळपासून एका थपडेने त्याचा जीव खाल्ला होता. एका मालिकेत बाप लेकीच्या तोंडात मारतो, एवढाच प्रसंग. त्याने कालपर्यंत पाठवलेली प्रत्येक थप्पड दिग्दर्शकाने परत केली होती. "मास्तर, राग मानू नका," दिग्दर्शक फोनवर म्हणाला होता, "ऐकू येते हो, पण लागत नाही. संध्याकाळपर्यंत लागणारी पाठवा." लागणारी. त्या माणसाचं डोकं दाराच्या फटीत धरून दार लावावं, मग ऐकू येतं की लागतं ते त्यानेच सांगावं, असा विचार त्याच्या मनात शांतपणे येऊन गेला. मग त्याने मांस आणलं, हातमोजा भिजवला, आवाज टिपणारा डबा सुरू केला आणि मारायला सुरुवात केली. काम चालू असताना संगणक बंद ठेवावा लागे, कारण त्याचा पंखा घरघरायचा. त्या डब्याला स्वतःचा आवाज नव्हता. तो नुसता ऐकून घ्यायचा. हेडफोन लावायची खोबण कधीचीच निखळलेली. म्हणून त्याने स्वतःला एक सवय लावून घेतली होती. मनासारखा आवाज निघाला की तो लगेच हळूच म्हणायचा, "मिळाला." मग संगणकावर ऐकताना तो शब्द शोधायचा, त्याच्या अलीकडचा आवाज ठेवायचा, शब्द कापून टाकायचा. आज सकाळपासून त्या शब्दाची पाळीच आली नव्हती. शेवटी जे काही आहे त्यातून बघू, म्हणून हातमोजा हातातून न काढताच त्याने मशीन सुरू केलं होतं आणि ते मांजर बघितलं होतं.

"तू काय केलंस याला?" त्याने हाक मारून मुलीला आत बोलावलं तेव्हा ती कानातली गाण्याची बोंडकं काढत काढत आली. काही केलं नाही, म्हणाली. मग म्हणाली, काल रात्री अभ्यास करताना ते सारखं अपडेट करू का, अपडेट करू का विचारत होतं, म्हणून एकदाचं हो म्हटलं. "तुला सांगितलं होतं ना, त्याला हो म्हणायचं नाही म्हणून? ते सगळ्यांच्या आधी स्वतःला नेऊन बसवतं! माझी बाजू गेली सगळी!" "गेली कशाने, आत असेल ना," ती म्हणाली. "नुसता मेनू गेला असेल. दरवेळी काय रे बाबा, जगबुडी झाल्यासारखं." आणि ती हसली. फार नाही, नुसतं हुं करून, ओठाच्या एका कोपऱ्यात, तिची आई हसायची तशी. त्यापुढचं त्याला आठवत होतं ते इतकंच की हात गेला. आपण उचलला असं नाही, गेला. आणि मग तो आवाज. आयुष्यभर थपडा तयार करणारा तो माणूस जागच्या जागी थिजला तो आवाजामुळेच. किती लहान होता तो. कोरडा, बसका, कुणी जाड पुस्तक मिटावं तसा. इतकी वर्षं तो त्याच्या दहापट मोठं काहीतरी लोकांना विकत आला होता.

मुलगी रडली नाही. गालाला हातही लावला नाही. त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर दुखल्यापेक्षा काहीतरी न समजल्याचा भाव जास्त होता. "बाबा," ती म्हणाली, "तू आत्ता काय म्हणालास?"

"मी काय म्हणालो? काही नाही. चुकलं माझं. हात गेला. बस तू, मी पाणी आणतो."

"मारल्यावर तू काहीतरी म्हणालास."

"काही म्हणालो नाही म्हणतोय ना."

"'मिळाला' म्हणालास."

तो हसायला गेला. "काहीतरीच काय बोलतेस? इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकते आहेस, तेच कानात बसलंय तुझ्या." आपल्या कानांवर त्याचा विश्वास होता. कानांवरच घर चाललं होतं. आपण तो शब्द उच्चारला असता तर आपल्याला ऐकू आला नसता, हे शक्य नव्हतं. पण तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तोही वळला. स्टँडवर माइक तसाच उभा होता. टेबलावरच्या डब्यातला लाल दिवा चालू होता. मघापासून चालूच होता.

"बरं झालं," मुलगी म्हणाली. "ऐकू या."

त्याने डबा बंद करून कार्ड बाहेर काढलं. ते संगणकात घातलं तेव्हा मांजरावर एक चौकट उघडली: हे कार्ड वाचता येत नाही. पुसून नव्याने तयार करायचं का? कामाच्या बाजूचं कार्ड, घरच्या बाजूला त्याची भाषा कळत नव्हती. होयवर निळी कडा होती. नुसतं बोट टेकवायचं, की सगळं साफ. त्याचं बोट कळेवर होतं आणि ते तिथे आपसूक गेलं होतं की त्याने नेलं होतं, हे त्याला सांगता आलं नसतं. "दाब," मुलगी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "दाब ना. मी आईकडे जाते. मी जन्मभर म्हणत राहीन तू म्हणालास, तू म्हणत राहा नाही म्हणालो. दोघंही बरोबर."

"आणि मी म्हणालो नसेन तर?"

"तर मी राहते. थप्पड विसरून जाते. आई विचारेल गालाला काय झालं, तर कपाटाचं दार लागलं म्हणेन. शपथ." तिने त्याच्या बोटाकडे बघितलं. "मारलंस त्याचं मला एवढं नाही, बाबा. राग आला, मारलंस. पण ते म्हणाला असशील, तर मी तुझ्यासाठी कोण, कोबी?"

त्याने नाहीवर टिचकी मारली. त्याला भीती वाटत नव्हती, उलट एक प्रकारची घाई झाली होती. पुरावा आत होता. फक्त दार उघडायचं होतं. त्याने ड्रॉवर उपसला. बांबूच्या काड्या, अक्रोडाची टरफलं, तुटक्या बेड्या, आणि त्यांच्या तळाशी तो पेनड्राइव्ह, अशाच वेळेसाठी करून ठेवलेला. मुलीने खुर्ची ओढली, फोनवर कुणीतरी लिहिलेली कृती शोधली आणि वाचायला लागली. तो टाइप करत गेला. मशीन आता पेनड्राइव्हवरून सुरू झालं, ना घरचं ना कामाचं, परक्या लॉजच्या खोलीसारखं उघडंबोडकं. आधी डिस्कचे भाग बघायचे. मग त्यातला कामाचा भाग ओळखून जोडून घ्यायचा. मग मेनू पुन्हा डिस्कच्या सुरुवातीला नेऊन बसवायचा. "आता डिस्कचं नाव," ती म्हणाली, "पण नीट बघ, चुकीची दिलीस तर घोळ होईल असं लिहिलंय." त्याने दिलं. पडदा खळखळून चार ओळी सांडून गेला आणि शेवटी म्हणाला, झालं. मशीन बंद करून सुरू केलं. मांजर. मेनू डिस्कवर नाही, पेनड्राइव्हवरच बसवला गेला होता. त्याच्या मानेपासून एक गरम रेघ खाली मनगटापर्यंत उतरली आणि मूठ मिटली. त्याने फक्त मूठ मिटली होती, टेबलाखाली, कुणाला दिसली नसती. पण शेजारी खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. अगदी बारीक. ती तळव्याएवढी लांब सरकली होती.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी, वडिलांपासून लांब सरकताना, त्याने स्वतः काढलेला होता तो. त्याचे वडील ट्रक दुरुस्त करायचे. संध्याकाळी ते आले की हा पोरगा दुसऱ्या खोलीत वह्या पसरून बसे आणि कान भिंतीपलीकडे लावून ठेवी. चपला कशा काढल्या, भांडं कसं ठेवलं, यावरून त्याला रात्र कळायची. वडील ओरडले तर काही नाही. ओरडत असले तर मारणार नाहीत. मारण्याआधी ते एकदम गप्प होत, आणि मग मनगटावरचं घड्याळ काढून काचेच्या टेबलावर ठेवत. टक. एवढासा आवाज. काच फुटू नये म्हणून ते जपून ठेवायचे. पट्ट्याचे वळ, दात पडल्यावर तोंडात आलेली खारट चव, आईचं मोरीत डोकं आपटलं ती संध्याकाळ, यातलं काही आता त्याला नीट आठवत नसे. पण ती टक झोपेतसुद्धा ऐकू यायची. पुढे सगळं आयुष्य मोठे आवाज काढण्यात गेलं आणि ती टक त्याने कधी तयार करून बघितली नाही. वडिलांना तर लोक रागीट म्हणायचे. तो मनात म्हणायचा, रागीट माणूस घड्याळ काढून ठेवतो का? आपलं तसं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आपला हात गेला. रागाच्या भरात गेला. ज्याचा जातो तो वेगळा, आणि जो घड्याळ काढतो तो वेगळा.

"पुन्हा करू," तो म्हणाला. "तू वाच."

फोन वाजला. दिग्दर्शक. मुलीने त्याच्याकडे बघितलं, त्याने उचलला नाही. फोन टेबलावर थरथरत थरथरत मांसाच्या तुकड्यापर्यंत गेला आणि थांबला. "काम मोठं आहे का?" तिने विचारलं. "आहे." "कसलं?" त्याने फोन मांसापासून बाजूला सरकवला. मग म्हणाला, "थप्पड. बाप लेकीला मारतो." मुलीच्या नाकातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "मग तर मिळालाच की रे," ती म्हणाली. यावर तिला एक ठेवून द्यावी असं त्याला वाटलं. पुन्हा. आत्ता. तिचा गाल अजून लाल असताना. ते वाटणं इतकं स्वच्छ आणि गार होतं की त्याने दोन्ही हात कीबोर्डवर दाबून धरले आणि पडदाभर निरर्थक अक्षरं धावत सुटली. "पूस ते," ती म्हणाली. "आणि यादीतलं दुसरं नाव पेनड्राइव्हचं आहे. आपल्याला पहिलं हवंय." त्याने पुसलं. पहिलं दिलं. पडदा पुन्हा खळखळला आणि या खेपेला त्याने स्वतःच कळवलं: एक जुनी बाजू सापडली, यादीत घेतली. दुसरीही सापडली, यादीत घेतली.

पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं. काळोख. मग दोन पांढऱ्या ओळी. वर कामाची, खाली घरची, आणि वरच्या ओळीवर उजेडाची पट्टी. त्याला रडू येईल इतकं बरं वाटलं. मुलीच्या खांद्यावर हात ठेवायला तो वळला आणि तो हात कुठला आहे हे लक्षात येऊन त्याने तो परत घेतला. ओळ निवडली. त्याची बाजू उघडली, जशीच्या तशी. मांजर नाही, काही नाही, राखाडी पडदा आणि आवाजांचे कप्पे. कार्ड घातलं. ते निमूट उघडलं. सकाळभराचा मार पडद्यावर लांबच लांब पसरला, काट्यांच्या कुंपणासारखा: थप्पड, थप्पड, थप्पड, सगळ्या उंच, सगळ्या खोट्या. त्याने पार टोकाला जाऊन पट्टी ठेवली. तिथे काटे ठेंगणे होते. दोघांची बोलणी. "जगबुडी झाल्यासारखं." ते तिचं हसणं, ते सुद्धा आलं होतं. आता लगेच थप्पड येणार म्हणून त्याने खांदे आवळले.

थप्पड आली नाही. खोली गप्प होती. मग एक ओला, चिकट आवाज सुरू झाला. सावकाश. थांबत थांबत. त्याला तो ओळखायला क्षणभरही लागला नाही, कारण असले आवाज ओळखणं हेच त्याचं काम होतं. भिजलेला कातडी हातमोजा हातातून निघत होता, एकेक बोट सुटं करून. अंगठा. तर्जनी. मधलं. तो निघाला. मग तो टेबलावर ठेवला गेला. टाकला नव्हता, ठेवला होता, जपून. आणि मग थप्पड, लहानशी, पुस्तक मिटल्यासारखी. आणि तिच्या मागोमाग, मायेने म्हणावा तसा, त्याचा स्वतःचा हळू आवाज: "मिळाला."

पंखा घरघरत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलायला तोंड उघडण्याआधीच त्याचे हात कामाला लागले होते. डाव्या हाताने थपडेच्या अलीकडे खूण केली, उजव्या हाताने पलीकडे, शब्दाच्या बरोबर आधी, केसाचाही फरक न करता, आणि कापलं. हातमोजा गेला, शब्द गेला. पडद्यावर नुसती थप्पड उरली, नीटनेटकी, दोन्ही बाजूंनी तासलेली. हे आपण केलं असं त्याला दिसलं ते तिच्या चेहऱ्यावर. "बघितलंस?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "बघितलंस, काय केलंस ते?"

"सवय," तो म्हणाला. "हाताला सवय आहे गं. मी मुद्दाम नाही..."

ती पुढे झुकली. त्याचा हात तिने मनगटाला धरून बाजूला ठेवला, जपून, आणि दोन कळा दाबून कापलेलं सगळं परत आणलं. हातमोजा आला. शब्द आला. मग तिने जतन करण्याची चौकट उघडली. आत काय लिहायचं हे तिला विचारावं लागलं नाही, लहानपणापासून ती हे कप्पे बघत आली होती. तिने लिहिलं: गाल, डावा, जवळून. मशीन म्हणालं, या नावाचा आवाज आधीच आहे, त्याच्या जागी हा ठेवायचा का?

"आधीचा कशाचा आहे?"

"मांसाचा. आणि... हातमोज्याचा."

"मग राहू दे तो. तो खोटा आहे, त्याने कुणाला काही केलं नाही." तिने पट्टी नावाच्या सुरुवातीला नेली आणि अलीकडे एक शब्द घातला. माझा. माझा गाल, डावा, जवळून. इतक्या वर्षांत त्या कप्प्यांत कुणाचं म्हणून काही आलं नव्हतं. तिने कळ दाबली, नाव यादीत जाऊन बसलं, आणि ती उठली. खुर्ची या खेपेला तिने उचलून मागे ठेवली, घासू दिली नाही.

फोन पुन्हा थरथरायला लागला. दिग्दर्शकाचं नाव उजळत होतं, विझत होतं. टेबलावर हातमोजा जिथे ठेवला होता तिथे पाचही बोटं सरळ करून पडलेला होता आणि त्याच्याभोवती पाण्याचं तळं साचलं होतं. बाहेरच्या खोलीत कपाट उघडलं गेलं. कपडे खाली पडले. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तिने बॅगेची चेन ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, कुठेही न अडखळता. असा आवाज वर्षानुवर्षं शोधून सापडत नाही. त्याने ओठ दातांत धरले आणि रक्ताची खारट चव येईपर्यंत सोडले नाहीत.